नाव घेऊन केलेली प्रार्थना

शुक्रवार म्हणजे कुंताच्या उपासाचा दिवस. सकाळी मांडीवर सूप घेऊन ती अंगणात विड्या वळायला बसे आणि ऊन ओट्यावरून खाली उतरलं की सूप बाजूला सारून, हातावरची तंबाखू धुऊन प्रार्थनागृहाकडे निघे. प्रार्थनागृह म्हणजे चार भिंती, वर पत्रे आणि पत्र्यांवर बांधलेला एक भोंगा. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात ख्रिस्ती घरं उणीपुरी आठ. आठ घरांना भोंगा कशाला, म्हणून गाव हसायचं. पास्टर ईश्वरदासांचं म्हणणं असं, की देवाची गोष्ट भिंतीत कोंडून ठेवायची नसते. गावाचं नाव मी सांगत नाही. तुमच्या ओळखीचं निघायचं.

तिथली रीत अशी, की ज्याला जे मागायचं असेल त्याने उभं राहून नावानिशी सांगायचं. मग पास्टरांनी ते नाव घेऊन माइकवरून देवाला विनवायचं आणि सगळ्यांनी आमीन म्हणायचं. नाव घेतल्याशिवाय प्रार्थना पोचत नाही, अशी भाबडी समजूत. पत्रावर पत्ता नसला तर पत्र कुठे जाणार, असं कुंता स्वतःच नव्या बायकांना समजावून सांगायची.

त्या शुक्रवारी तिचा मुलगा धनेंद्र उभा राहिला. तो एरवी फारसा येत नसे. त्याची सहा वर्षांची दिव्या चार दिवसांपासून हातपाय दुखतात म्हणून गुरासारखी ओरडत होती. दोन वर्षांपूर्वी गोंदियाच्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सिकलसेल हा रक्ताचा आजार सांगितला होता, गोळ्या दिल्या होत्या, कधीही खंड पडू देऊ नका म्हणून बजावलं होतं. पण धानाच्या कापणीत गोळ्या आणायला कोणाला सवड झाली नाही. करणी मात्र सगळ्यांना लगेच आठवली.

"पास्टरजी," धनेंद्र म्हणाला, "माह्या पोरीवर चमेली बुडीची नजर हाये. मंगळवारी तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, अन् तवापासून पोरगी तडपून राहिली."

चमेली म्हणजे कुंताच्या कुंपणापलीकडची म्हातारी. विधवा, एकटी. मोहफुलं वेचायची, झाडपाल्याचं औषध द्यायची, आपल्या देवांना नमस्कार करायची आणि कुंताच्या देवाबद्दल कधी वावगं बोलायची नाही. हाच धनेंद्र जन्मला तेव्हा कुंता अडली होती. रात्रभर तिच्या पोटाला तेल चोळत बसली ती चमेली आणि धनेंद्र जगात आला तो तिच्याच हातात.

हे कुंताला ठाऊक नव्हतं का? होतं. एक शब्द बोलायला तिला वेळ नव्हता का? होता. पण भर प्रार्थनेत पोटच्या मुलाला खोटं कसं पाडायचं? आणि खरं सांगायचं तर, नातीचं ओरडणं ऐकून ऐकून तिचंही मन पोखरलं होतं. न जाणो, असेलही!

पास्टरांनी माइक तोंडाजवळ घेतला. "हे प्रभू, चमेलीबाईच्या हातून काम करणाऱ्या सैतानाला आज बांधून टाक!"

"आमीन!" सगळे म्हणाले. कुंताचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

भोंग्याने ते नाव चौकात नेलं, पानठेल्यावर नेलं, खळ्यावर नेलं. ज्यांनी आजवर कुजबुज केली होती त्यांना आता साक्षीदार मिळाला. "बघा, आता तर ख्रिस्त्यायच्या देवानंबी तिचंच नाव सांगतलं," असं पानठेल्यावर कोणी तरी म्हणालं आणि त्यावर कोणी हसलं नाही.

सोमवारी दुपारी कुंता धानाचा भारा डोक्यावर घेऊन खळ्याकडे येत होती. आरडाओरडा ऐकून तिने भारा टाकला आणि धावली. पाच पुरुष होते. चमेली जमिनीवर पडली होती, पांढरे केस धुळीत मळले होते. धनेंद्रच्या हातात बैलगाडीचा जाड लाकडी खुंट, उभारं होतं. चमेलीने मान वळवली आणि तिला कुंता दिसली.

"कुंते," ती म्हणाली, "सांग ना व यायले. तू त सांग."

 कुंता काहीच बोलली नाही. उभारं वर गेलं आणि खाली आलं. गोंदियाला पोचायच्या आतच, गाडीत, चमेलीचा जीव गेला.

पोलिसांनी तिघांना नेलं. चौथा पळाला. पाचवा कोण, ते गावात कोणीच पाहिलं नव्हतं. इतकं मोठं खळं, भरदुपार, आणि सगळ्यांचे डोळे एकदम कसे मिटले देव जाणे. पाचवा घरी जेवत होता. कुंता त्याला वाढत होती. तिकडे सून रविताने दिव्याला दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, औषधं सुरू झाली आणि दोन दिवसांत पोरगी उठून बसली. "बुडी गेली अन् पोट्टी उठली," असं म्हणणारेही गावात निघालेच. माणसाची अक्कल गहाण पडली की व्याजासकट पडते.

रविवारी प्रार्थनागृहात चमेलीसाठी प्रार्थना ठेवली होती. पास्टरांचा चेहरा उतरला होता, आठवडाभर झोप नव्हती. ते डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आमच्या गावात एक दुःखद घटना घडली. तुझ्या इच्छेपुढे आमचं काही चालत नाही. मृतात्म्याला शांती दे. गावात शांती दे. आमच्या मनाला शांती दे."

कुंता ऐकत होती.  त्या शुक्रवारी नाव घेतलं होतं. आज नाव कुठे गेलं? बाई जिवंत होती तेव्हा देवाला तिचं नाव सांगायची घाई, आणि मेली तर ती नुसती 'घटना'? आणि इच्छा देवाची?

"कुंताबाई, शेवटची प्रार्थना तुम्ही करा," पास्टर नेहमीप्रमाणे म्हणाले.

ती उभी राहिली.  

"देवा," ती म्हणाली, "तिचं नाव चमेली होतं. मी आज तुले शांती मागत नाई. मले शांती देऊच नको. तू कोठी होतास, हे इचारणार होती मी. पन माह्या तोंडाले शोभत नाई. मी तठीच होती, खळ्यावर. तिनं मले हाक मारली अन् मी मुकाट्यानं पाहून राहिली. ते तुही इच्छा नोहती, देवा. ते आमची होती. आमी इथी बसून तिचं नाव घेतलं. अन् उभारं..." तिला हुंदका फुटला. "उभारं माह्या धनेंद्रच्या हातात होतं."

कोणी तरी "अगं बाई!" म्हणालं. मागच्या भिंतीशी बसलेला धनेंद्र उठला आणि चप्पल न घालताच निघून गेला.

"कुंताबाई, हे प्रार्थनेत नको," पास्टर हलकेच म्हणाले.

"मंग कोठी सांगू, पास्टरजी? तुमीच त सांगत होते, देवापुढं काई लपवाचं नाई म्हनून."

 कुंता पदर सावरून दाराकडे निघाली. दारात रविता आडवी आली. तिच्या कडेवर दिव्या होती.

"कोठी चालल्या, आई?"

"गोरेगावले. ठाण्यात."

"काऊन पन? बुडी त गेली. आता ह्यायले नेऊन ते वापस येनार हाये का?" रविता तिच्या पायाशी बसली. "तुमी त माय हा त्यायची! पोरीकडं त पाहा!"

कुंताने दिव्याकडे पाहिलं. पोरगी आजीकडे बघून हसली. त्या हसण्याने कुंता अर्धी मेली.  तिने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला ओलांडून गेली.

आठ घरांतलं एकही माणूस तिच्यासोबत निघालं नाही. ती गावाबाहेरच्या पुलापर्यंत पायी गेली असेल, तेव्हा मागून पास्टरांची मोटरसायकल आली. ते थांबले. माफी मागावी असं त्यांच्या मनात असावं, पण नुसतं "बसा" म्हणाले.

दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं मागे पडत होती. कुंता डोळे मिटून बसली होती. पोराला वाचव, असं मागावंसं तिला आतड्यापासून वाटत होतं. कोणत्या आईला वाटणार नाही? पण ते मागायला गेली की चमेलीचा चेहरा आडवा येई. मग उरलं तेवढंच तिने मागितलं. देवा, त्याले खोटं बोलू देऊ नको.

ठाण्यात हवालदाराने सगळं लिहून घेतलं. मध्येच पेन थांबवून तो म्हणाला, "एखाद्या बाईचं नाव घेऊन ती करणी करते म्हणणं, ये भी गुन्हा है. मालूम है ना?"

"ते मी म्हटलं," पास्टर म्हणाले. "भोंग्यावरून. लिहा."

"अन् मी आमीन म्हटलं," कुंता म्हणाली.

"आमीनला कलम नाही, बाई," हवालदार म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

दिवस कलता कलता जीपमधून धनेंद्रला आणलं. त्याचे पाय अनवाणीच होते. त्याने आईकडे पाहिलं नाही. त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. बाकावर कुंता आणि पास्टर शेजारी शेजारी बसून राहिले. प्रार्थना करू का, असं पास्टरांनी विचारलं. तिने मान हलवली, पण होकार की नकार ते त्यांना कळलं नाही.

अर्ध्या तासाने हवालदार बाहेर आला.

"बाई, पोराला काही विचारावंच लागलं नाही," तो म्हणाला. "बसल्या बसल्या त्याने सगळं कबूल केलं."

इतक्या वर्षांत कुंताचं कोणतंही मागणं देवाने इतक्या लवकर ऐकलं नव्हतं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती रडू लागली.