यालिनचा धर्मबाप

पांडा केंद्रातल्या लोकांच्या लेखी मौ शूफेनने मानमान नावाचा पांडा दत्तक घेतला होता. शूफेनच्या लेखी गोष्ट बरोबर उलटी होती. तिची यालिन जन्मली तीच काडीसारखी. दूध पचेना, ताप हटेना. अशा लेकराला एखाद्या धडधाकट धर्मबापाच्या ओटीत घालायचं, ही तिच्या गावची रीत. कुणी खाटीक धरतं, कुणी जुनं झाड. शूफेन म्हणाली, दिवसभर खाऊन ढाराढूर झोपणाऱ्या मानमानइतका निरोगी जीव अख्ख्या सिचुआनात दुसरा कोण आहे? तिने दत्तकाचे पैसे भरले, तान्हीला पोटाशी धरून त्याच्या काचेपुढे वाकली, आणि पोरीने खरोखरच बाळसं धरलं. केंद्राने पाठवलेलं आभाराचं पत्र वाचून तिला हसूच आलं. आभार कुणी कुणाचे मानायचे!

आता यालिन बारा वर्षांची झाली होती. या वयात धर्मबापापुढे डोकं टेकून आभार मानायचे, तरच त्याने दिलेलं आयुष्य पक्कं होतं, असं शूफेन धरून चालली होती. शिवणकाम हाच तिचा धंदा, म्हणून रीतीप्रमाणे धर्मबापाला द्यायचे कापडी जोडेही तिने स्वतःच शिवले. अर्थात चार.

पण मानमानला सांभाळणारा फूदादा फाटकातच आडवा आला. "वहिनी, मानमान उद्या दूरच्या केंद्रात चाललाय. त्याला वेगळं ठेवलंय. बाहेरच्या माणसाला आत बंदी आहे."

शूफेन पुढे सरसावली. "बाहेरचं कोण? अहो, ही त्याची लेक आहे!"

"हो का? बांबू खाते का?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला! आज भेट झाली नाही तर पोरीचं काय होईल?"

"आई, मला काही होत नाही गं," यालिन पुटपुटली.

"तू गप्प बस. तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं होतं ते तुला काय ठाऊक!" शूफेनने जोडे फूदादाच्या हातात कोंबले.

ते बघून तो पोट धरून हसला. "घालायच्या आधी खाऊन टाकेल तो हे!" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "थांबा. मी आत जातो, फोनवर दाखवतो. पोरीला इथूनच वाकू दे."

शूफेनने आपला फोन कठड्याला टेकवून ठेवला. फोनमध्ये मानमानची पाठ दिसली, घोरण्याने वरखाली होणारी. "ऊठ रे, लेक आलीय," फूदादाचा आवाज आला. मानमानने कानही हलवला नाही. यालिनने त्या पाठीला डोकं टेकलं. शूफेनच्या मनावरचं ओझं उतरलं. ती फोन बंद करणार, तेवढ्यात फूदादा पुन्हा बोलू लागला. फोन चालू असल्याचं तो विसरला होता.

"तळहातावर मावत होतास रे. तिकडे नीट खा. सफरचंद कापून दिल्याशिवाय खात नाहीस, सांगून ठेवलंय मी त्यांना."

शूफेनला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं खाणाऱ्याचे उपकार मानले, खाऊ घालणाऱ्याकडे कधी धड बघितलंही नाही.

फूदादा डोळे पुसत बाहेर आला, तसं तिने यालिनला पुढे ढकललं. "टेक डोकं."

"अहो वहिनी, हे काय भलतंच?"

"हिच्या धर्मबापाला वाढवलं कुणी? मग तुम्ही हिचे आजोबा."

"आजोबा? माझं लग्न तरी झालंय का!"

यालिनला हसू आवरेना. तशीच वाकलेली असताना ती म्हणाली, "आजोबा, नववर्षाच्या रात्री जेवायला या ना आमच्याकडे."

"छे गं, त्या रात्री फटाक्यांना घाबरतो तो. मानमानपाशी कुणीतरी लागतं..." तो आतल्या बंद दाराकडे बघत राहिला.

मग तो यालिनकडे वळला. "किती वाजता येऊ?"