राहिलेला ठोका

शाळेनं आठ वर्षांच्या पोरीला, कादंबरीला, मंद ठरवलं. डोंबल कळतं त्यांना! कसब्यातल्या दुकानात तिचा बाप केदार तांब्याची घागर ठोकत होता. ती शेजारी डोळे मिटून बसली होती, त्या नादावर तरंगत. ठोकून झाल्यावर त्यानं घागर बोटांनी चौफेर वाजवून पाहिली.

"बाबा, एक ठोका राहिलाय. मागे आवाज मऊ येतो."

"गप गं! वीस वर्षं हेच करतोय मी." तरी त्यानं घागर फिरवली. नखाएवढी जागा खरंच कोरी होती.

त्यानं हातोडी तिच्या हातात दिली.

"मग मी मंद नाही?"

"मंद? अगं, मला वीस वर्षांत हे ऐकू आलं नाही!"

तिनं अलगद ठोका घातला. घागर कितीतरी वेळ गुणगुणत राहिली.