उजवीकडून मोजलेले सेल

"बाबा, तुम्ही सेल कुठल्या बाजूनं मोजलेत?"

विचारलं एकदाचं! गच्चीच्या जिन्यात दडून बसलेल्या धाकट्या बहिणी, लीन आणि रहफ, एकमेकींना चिमटे काढू लागल्या. जुमानाला त्यांनीच डिवचलं होतं, "हिंमत असेल तर विचारून दाखव!" कारण बाबांना गच्चीवरच्या त्यांच्या नव्या सौर बॅटरीबद्दल काही विचारणं म्हणजे मधमाशांच्या पोळ्यात हात घालणं.

तशी सकाळीच तिथून धूर निघाला होता. सोळा सेलांवर पहारा देणारा बोर्ड, म्हणजे बीएमएस, प्लग लावताक्षणी फट्कन उडाला. आता बाबांच्या हातात दुसरा बोर्ड होता. दुकानातला शेवटचा. तोही उडाला तर खाली आईच्या फ्रीजरमधले किब्बे, म्हणजे खिम्याचे गोळे, वितळणार. आणि हे किब्बे शेजारच्या साखरपुड्याचे! गल्लीला वीज विकणाऱ्या जनरेटरवाल्याकडे परत जायची सोय बाबांनीच ठेवली नव्हती. "ने तुझी वायर, आता सूर्य माझा!" असं ते भर गल्लीत ओरडले होते.

"कुठल्या बाजूनं म्हणजे? पहिल्यापासून!" बाबा गुरगुरले. "आकडे दिसत नाहीत?"

दिसत होते की! लाल रंगात, वळणदार, काय देखणे! त्रिपोलीच्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या बाबांच्या हातच्या. आयुष्यभर उजवीकडून डावीकडे अरबी पाट्या रंगवणारा हात. एकचा आकडा त्यानं उजवीकडच्या सेलावर काढला होता. पण बॅटरीचं ऋण टोक, जाड काळी वायर, डावीकडे होतं, आणि बोर्ड मोजतो ऋणापासून.

"थांबा, प्लग लावू नका! आधी मीटरनं बघू. आणि ती अंगठी काढा, वायरीत अडकली तर बोट भाजेल."

"ऐकलंस का गं?" बाबा जिन्याकडे तोंड करून ओरडले. "तुझी लेक मला अंगठी काढायला सांगतेय!"

"काढा मग!" खालून आईचा आवाज. "नाहीतरी लग्नापासून कुरकुरताय!"

जिन्यात खसखस पिकली. बाबांनी अंगठी खिशात टाकली.

जुमानानं मीटरचं काळं टोक ऋणावर धरलं आणि लाल टोक प्लगच्या एकेका भोकात घालत गेली. "शाळेत शिकवलंय, बाबा. आकडा शून्यापासून जिना चढल्यासारखा वाढला पाहिजे. तीन, सहा, दहा…"

मीटरवर आलं त्रेपन्न. मग पन्नास. मग सेहेचाळीस.

बाबा वाकून बघत राहिले. "हा तर उतरतोय."

"सगळा जिना उलटा आहे. बोर्ड बिचारा डोक्यावर उभा राहिला, आणि जळला."

बाबांनी आपल्या सुंदर आकड्यांकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून असे हसले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "अगं, पाटी म्हटली की माझा हात उजवीकडूनच सुरू होणार!"

मग बापलेक कामाला भिडले. बाबा स्क्रू सोडायचे, जुमाना बारीक वायर उचलून योग्य सेलावर न्यायची, पहिली शेवटाला, शेवटची पहिल्याला. लीन आणि रहफ आता उघड उघड येऊन स्क्रू सांभाळत होत्या. पुन्हा मीटर. शून्य, तीन, सहा, दहा, तेरा… पाचही आवाज मिळून आकडे ओरडू लागले, कारण तोवर आईही वर आली होती.

जुमानानं प्लग लावला. डोळे मिटून, खोटं कशाला बोला. उघडले तेव्हा बोर्डावर हिरवा दिवा होता. बाबांनी मुख्य खटका दाबला, आणि खाली फ्रीजर घरघरला. आईनं तिथंच आनंदाची किलकारी दिली, लग्नघरात देतात तशी.

"माझी फार्मासिस्ट!" आई तिला कवटाळत म्हणाली.

"तेच सांगायचंय, आई." जुमानाचे हात काळे होते आणि गाल लाल. "बाबा, तुम्हीही ऐका. तुम्ही ठरवलेल्या फार्मसीला मी जाणार नाही. पुढच्या वर्षी तंत्रशाळेत जाऊन वीज शिकणार, आणि मग गल्लीतल्या गच्च्या माझ्या. ठरलंय माझं. माझ्या दुकानाची पाटी तेवढी तुम्ही रंगवायची, बाबा. उजवीकडूनच."