एका चिमणीचा एक तास

आमच्या इमारतीत चिमणी म्हणजे एक तास. माझ्या धाकट्या नणंदेने फोनवर बनवलेलं नाणं आहे ते. कुणाचं मूल तासभर सांभाळलं की त्या आईच्या फोनमधली एक चिमणी उडून आपल्या फोनमध्ये येते. तिच्या बदल्यात रोख कुणी देत नाही, नणंदही नाही. अडलं-नडलं तर तिच्याकडून चिमण्या उसन्या मिळतात. परत करताना थोडं व्याज द्यायचं, तेही चिमण्यांतच.

मी चार साठवल्या होत्या. सोमवारी मला कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात सकाळभर काम करून दाखवायचं होतं. बाळंतपणाआधी माझं तेच काम होतं. हात अजून चालतो का, ते मालकिणीला बघायचं होतं.

खालच्या मजल्यावरच्या शिवणताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "चार तास ना? आठ चिमण्या."

"एकाला एक ठरलंय ना?"

"ठरलं होतं गं. आता ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये चिवचिवाट आहे. आणखी घेऊन लोणचं घालू?"

खरंच होतं ते. नणंद पडली हौशी. कुणाच्या बाळाला दात आला, दे दहा चिमण्या. कुणी पालथं पडलं, दे दहा. परत करायच्या नाहीत, मग त्या कमवायला कोण कशाला बसेल?

मी तणतणत वर आले. नणंद माझ्या लेकीला पायांवर झुलवत होती.

"मलाही चार बक्षीस दे. तुझ्या भाचीला दोन दात आलेत."

"देईन वहिनी, पण मग शिवणताई बारा मागतील."

"बदल्यात तू काहीच देत नाहीस, मग चिमणीची किंमत टिकायची कशी?"

"ज्याने उसनी घेतलीय त्याला परत करायला ती लागतेच. तेवढ्यावरच टिकते. मी फुकट वाटून माती खाल्ली."

त्याच दुपारी तिने सगळ्यांना कळवलं: बक्षिसं बंद. चिमणी तासापेक्षा स्वस्त झाली की उसनवारीचं व्याज वाढणार, महाग झाली की उतरणार. आज वाढलंय.

मला काही फारसा भरवसा वाटला नाही. लेक कुशीत झोपली की एका हाताने वडी धरून मी साबणाच्या दाढा कोरायचे, सराव म्हणून. नवरा दाढांनी अंघोळ करून कामावर जायचा, बिचारा.

दोन-तीन दिवसांनी दारात शिवणताई, गळ्यात टेप.

"नणंदेला सांग तुझ्या, गळा आवळतेय आमचा."

गणवेशांच्या ऑर्डरीच्या वेळी त्यांनी जुळ्यांसाठी पुष्कळ चिमण्या उसन्या घेतल्या होत्या. आता व्याज चढत होतं आणि बक्षिसं बंद, म्हणजे फेडायच्या चिमण्या मूल सांभाळूनच कमवायच्या.

"सोमवारी मी बसते तुझ्या लेकीपाशी. चार तासांना चार."

"आठ नकोत?"

"टोमणे नंतर मार. वरच्या मजल्यावरचीपण सांभाळायला मूल शोधत फिरतेय, ती यायच्या आत हो म्हण."

मी हो म्हटलं.

सोमवारी कारखान्यात दाढ कोरायचं मेण हातात घेतलं आणि बोटांना सगळं आठवलं. मालकिणीने दाढ उजेडात फिरवून पाहिली, म्हणाली, "पुढच्या सोमवारपासून या." मग नवं यंत्र दाखवण्यात तासभर गेला.

धावतपळत घरी आले. लेक शिवणताईंच्या मांडीवर बसून त्यांचा टेप चघळत होती. मला बघून तिने दोन्ही हात पसरले. मी तिला उचलून घेतलं.

"लागलीस कामाला? छान. पाच झाल्या हं," शिवणताई म्हणाल्या.

माझ्याकडे चारच होत्या. नणंदेकडून एक उसनी घेतली. ती माझ्या फोनवर टेकलीसुद्धा नाही, सरळ शिवणताईंकडे. पण व्याज मात्र माझ्या नावावर सुरू झालं.

"ताई, संध्याकाळी जुळ्यांना कुठे ठेवणार आहात?"

"का गं?"

"तासभर सांभाळते. एका चिमणीला."

"आता कशी आलीस वळणावर," त्या हसल्या. "आणून सोडते. पण धाकटा साबण खातो, सांगून ठेवते."

"खाऊ दे," मी म्हटलं. "घरात साबण उरलाय कुठे?"