रुई आणि हवालदार

२०२२ सालच्या मे महिन्यातली सकाळ. ज्योत्स्नाने रुईला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं आणि स्वयंपाकघरातून हाक दिली.

“धरली, मामाजी!”

“पक्की धरली का?”

“पक्की. उघडा.”

नागसेनजींनी मागच्या दाराची कडी सरकवली. दार पुरतं उघडायच्या आतच हवालदार त्यांच्या पायांमधून घरात घुसला. करडा, फाटक्या कानाचा बोका. रात्रभर वस्तीत गस्त घालून यायचा, म्हणून त्याचं ते नाव. दार लागलं, कडी बसली, मग ज्योत्स्नाने सुनेच्या हक्काने सासऱ्यांकडे एकदा खात्रीची नजर टाकली आणि रुईला खाली सोडलं.

रुई ही घरातली दुसरी मांजर, पांढरीशुभ्र आणि ठार बहिरी. ज्योत्स्नाच्या नवऱ्याने, अश्विनने, तिला अंजनगावहून शर्टाच्या आत घालून आणलं तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढे एकदा तिच्या पाठीमागे कुकरचं झाकण आदळलं आणि तिने मानही वळवली नाही, तेव्हा कळलं. गाडीचा हॉर्न नाही, कुत्र्याचं गुरगुरणं नाही. तिला उंबऱ्याबाहेर सोडायचं नाही, हा नियम अश्विननेच घातला होता. हवालदाराचं उलट. त्याला कोंडलं की तो दाराला नखं मारी, गादीवर मुते आणि शेवटी सगळा राग रुईवर काढी. त्याच्यासाठी दार उघडावंच लागे, आणि दार उघडायची वेळ झाली की रुई नेमकी तिथे टपून बसलेली असे. म्हणून एकाने रुईला धरायचं, दुसऱ्याने दार उघडायचं.

घरात माणसं दोनच उरली होती. अश्विन आदल्या वर्षी करोनात गेला. त्याच वॉर्डातून नागसेनजी परत आले, पण अंगण ओलांडलं की त्यांना बसावं लागे. वाकणं तर डॉक्टरांनी बंदच केलं होतं.

चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “बॅग काहून भरून नाही राहिली तू?”

“भरते ना.”

“मागच्या हप्त्यातबी भरते म्हणे.”

अश्विन जिल्हा परिषदेत होता. त्याच्या जागी अनुकंपेवर ज्योत्स्नाला नोकरी मिळाली होती, दूर घाटापलीकडे, धारणीच्या पंचायत समितीत. रुजू व्हायची मुदत महिनाअखेरीस संपत होती. ही ऑर्डर गेली तर दुसरी कोणी देणार नाही, असं शेजारच्या कुंदाताई रोज बजावत. त्या निवृत्त शिक्षिका. बजावण्याची सवय गेली नव्हती.

“मी गेली तर तुमचं कोण पाहीन?”

“मी का लेकरू आहो? डबा लावू.”

“अन् या दोघांचं? वाकता येत नाही तुमाले. रुईले कसं धरसान?”

“अवं, सेमाडोहच्या घाटात भर पावसात यष्टी चालवली मी. दोन मांजरी नाही सांभाळत का?”

“यष्टी पलंगाखाली नव्हती पळत, मामाजी.”

ते हसले. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत ती पाण्याचा पेला धरून उभी राहिली, आणि धारणीचं बोलणं तिथेच राहिलं.

उपाय करून झाले होते. हवालदाराला पोत्यात घालून, वाट विसरावा म्हणून पोतं गरागरा फिरवून, रिक्षाने बडनेऱ्यापलीकडे सोडून आले होते. आठवडा संपायच्या आत तो दाराशी हजर. नागसेनजींनी त्याला शिव्या घातल्या आणि मग दूध घातलं. रुईला धारणीला न्यावं, तर तिथे मिळालेली खोली पत्र्याची. दिवसभर बंद खोलीत ती भाजून निघाली असती. कोणाला द्यावी, तर लोक विचारत, उंदीर तरी धरते का?

खरं म्हणजे रुईला द्यायचं नाव काढलं की ज्योत्स्ना उठून तिला मांडीवर घेई. अश्विन ज्या खुर्चीवर बसून बूट घालायचा त्या खुर्चीवर रुई झोपे. तिथे दुसऱ्या कोणी बसलेलं ज्योत्स्नाला चालत नसे. नागसेनजी हे पाहत. दुपारी रुई त्यांच्या पायांशी येऊन लवंडे, तेव्हा ते पायाच्या अंगठ्याने तिची मान खाजवत बसत.

त्या शुक्रवारी ज्योत्स्ना साडी बदलून आली.

“जिल्हा परिषदेत जाऊन येते. नाही जमत म्हणून लिहून देते, मामाजी. एकदाचं मिटते.”

नागसेनजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“जेवून जाय,” एवढंच म्हणाले.

साहेब दौऱ्यावर होते. सोमवारी या, असं ऐकून ती परत निघाली तेव्हा रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. फाटकाशी कुंदाताई जुन्या मासिकाने वारा घेत उभ्या होत्या.

“तू गेल्यापासून लाइन नाही बघ. दुरुस्ती म्हणे! यांना उन्हाळ्यातच सुचतं. जीव जायची वेळ आली.”

ज्योत्स्ना मान हलवून आत गेली. मागचं दार सताड उघडं होतं. नागसेनजी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. श्वास मोठा होता. शेजारी खुरपं पडलं होतं.

“रुई कुठी आहे?”

“कूलर लावला होता. हवा खेळाले पायजे म्हणून मागचं दार उघडं ठेवलं. माझा डोळा लागला.”

उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या घरोघर असंच करतात. कूलर लावला की त्याच्या समोरच्या बाजूचं दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर खोली चिकचिक होते. कोणाच्याही घरी व्हावी अशी चूक.

“कुठी आहे ती?”

त्यांनी शेवग्याच्या झाडाकडे बोट केलं. झाडाखालची माती नुकती उकरलेली होती.

“कुत्रे होते. मी जाईपर्यंत...”

“एक दार, मामाजी!” तिचा आवाज फाटला. “एक दार नाही सांभाळता आलं तुमाले?”

“नाही आलं,” ते म्हणाले.

संध्याकाळी लाइन आली. पंखा फिरायला लागला. ज्योत्स्नाचा चेहरा सुजला होता. सवयीने तिने कूलरचं बटण दाबलं. कूलर खडखडला आणि धुळीच्या वासाचा गरम झोत तिच्या तोंडावर आला. पंप कोरडाच घरघरत होता. तिने बटण बंद केलं, बाजूची जाळी काढली आणि आत हात घातला. वाळ्याच्या ताट्या कडकडीत वाळलेल्या होत्या. टाकीच्या तळाशी सुकलेला गाळ होता. लाइन नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून पाणी नाही. त्या दिवशी टाकी भरलीच नव्हती, कूलर लागलाच नव्हता.

तिने मान वर केली. नागसेनजी आगकाडीने नखांतली माती काढत होते. त्यांनी तिला टाकीपाशी पाहिलं आणि पुन्हा खाली पाहून दुसरं नख कोरायला घेतलं.

हवालदार आला, रिकाम्या खुर्चीचा वास घेऊन उघड्या दाराने निघून गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

शेवटचं नख कोरून झाल्यावर नागसेनजी म्हणाले, “धारणीच्या गाडीत डाव्या बाजूले बसजो. सकाळचं ऊन नाही लागत.”

ज्योत्स्नाने जाळी जागेवर बसवली. तिची खिटी नीट बसेना, ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

“कुंदाताईले डब्याचं सांगून येते,” ती म्हणाली.

सोमवारी ती धारणीला रुजू झाली. अजून तिथेच आहे. आता तिला क्वार्टर मिळालं आहे. नागसेनजी पुढचे दोन उन्हाळे एकट्याने काढून २०२४ च्या थंडीत गेले. ती दर महिन्याला औषधं घेऊन यायची, त्यांची नखं कापून द्यायची. त्या शुक्रवारबद्दल दोघांत कधी शब्द निघाला नाही. घराला कुलूप लागल्यावर हवालदार काही दिवस वस्तीत दिसला, मग दिसेनासा झाला. कुंदाताई मुलाकडे, अकोल्याला राहायला गेल्या. अधूनमधून त्यांचा फोन येतो. मागच्या खेपेला जुन्या गोष्टी निघाल्या.

“एक मला अजून कळत नाही,” कुंदाताई म्हणाल्या. “तुझे सासरे एवढे जपून राहणारे. त्या दिवशी दार उघडं राहिलंच कसं?”

ज्योत्स्नाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“लाइन नव्हती ना, ताई,” ती म्हणाली. “गर्मीनं जीव घाबरा झाला त्यांचा. म्हणून उघडलं.”