सगुणाबाईंच्या नावाचं वॉरंट

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, वॉरंटाचा. बोरिवलीच्या कोर्टातल्या एका फाइलमध्ये मला दोरीने ओवून ठेवलं आहे. वॉरंट म्हटलं की लोकांना चोर आठवतो. पण माझ्यावर ज्यांचं नाव आहे, त्या सगुणाबाईंनी कसलाच गुन्हा केला नव्हता. त्यांनी फक्त एक गोष्ट पाहिली होती.

सगुणाबाई गोराईच्या कोळीण. रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून चारकोपच्या एका सोसायटीच्या गेटपाशी मासळी विकायला बसायच्या. तिथे राहणाऱ्या नितेशने एकदा गाडी लावण्यावरून वॉचमन भाऊरावांना सळीने मारलं. भाऊरावांचा उजवा हात मोडला. नितेश म्हणाला, म्हातारा पायरीवरून पडला. खरं काय ते पाहणाऱ्या एकट्या सगुणाबाई होत्या. त्यांनी त्याच दिवशी पोलिसांना सगळं सांगितलं.

खटला सुरू व्हायला दोन वर्षं गेली. कोर्टाने त्यांना साक्षीसाठी समन्स पाठवलं. त्या आल्या नाहीत. दुसरं पाठवलं, तरी नाही. भाऊराव मात्र प्रत्येक तारखेला येऊन बसायचे, वाकडा हात मांडीवर ठेवून. शेवटी मॅजिस्ट्रेटबाईंनी माझ्यावर सही केली. तो माझा जन्म.

हवालदार कल्पिता मला घेऊन गोराईला गेल्या. सगुणाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या.

"मावशी, समन्स मिळालं होतं ना? मग आला का नाहीत?"

सगुणाबाईंनी हातातला बोंबील दोरीवर टाकला. मग म्हणाल्या, "सोसायटीवाले म्हणाले, साक्ष दिलीस तर इथे बसायचं नाही. वीस वर्षांची जागा आहे माझी. आता धरून नेणार का मला?"

"नाही. हे जामीनपात्र आहे. तारखेला येईन असं लिहून द्या, एक जामीनदार द्या, झालं. पण यावेळी आला नाहीत, तर पुढचं वॉरंट अजामीनपात्र निघेल. मग मला खरंच न्यावं लागेल."

सगुणाबाईंनी सही केली. त्यांची जाऊ शकु जामीन राहिली. एका कष्टाळू बाईला मी घाबरवलं, याची मला लाज वाटत होती.

तारखेला त्या आल्या. नितेश समोरच उभा होता. खाली मान घालून त्यांनी सुरुवात केली, पण सळीचं सांगताना मान वर झाली.

नितेशच्या वकिलांनी विचारलं, "दोनदा आला नाहीत. आज कोणी शिकवून पाठवलं?"

"कोणी नाही. वॉरंट आलं म्हणून आले. तेव्हा जे सांगितलं, तेच आज सांगते."

साक्ष संपल्यावर त्या मॅजिस्ट्रेटबाईंना म्हणाल्या, "मॅडम, त्या वॉरंटाची नक्कल मिळेल का? सोसायटीत दाखवते. मी हौसेने आले नाही, कोर्टाने आणलं, हे कळू दे त्यांना."

मॅडम म्हणाल्या, "अर्ज करा, मिळेल. आणि पुन्हा कोणी धमकावलं तर पोलिसांना सांगा. साक्षीदाराला धमकावणं हाही गुन्हा आहे."

मित्रांनो, तोवर मला वाटायचं, माझं काम धाक दाखवायचं. दुबळ्या माणसाला खरं बोलताना माझा आडोसाही होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नितेशला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी भाऊराव कल्पितांना सांगत होते, नक्कल दाखवूनही सोसायटीने सगुणाबाईंना गेटपाशी बसू दिलं नाही. आता त्या रस्त्यापलीकडे बसतात. गिऱ्हाईक कमी झालं. पण त्याच सोसायटीतल्या काही बायका रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जातात.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरी कधी कोर्टाचा कागद आला, तर तो डब्याखाली दडपू नका. तो वाचा. घरातलं माणूस भीत असेल, तर त्याला एकट्याला पाठवू नका. सोबत जा.