गावपळणीची खुर्ची

"एकच दिवस मागतंय मी. एकच!" सुगंधाने सासूच्या पाठीखालची चादर सारखी केली आणि नवऱ्याकडे बघितलं. "दादाचो फोन इललो. बाबांनी अन्न सोडल्यानी. सारखे माजा नाव घेतत. आज तुमी आयेकडे रवशात तर मी माहेराक, मिठबावाक जावन येतंय."

जितेंद्र आरशासमोर शर्टाची बटणं लावत होता. नारिंगखोल गावचा सरपंच तो, आणि आज ग्रामसभा! "आजच बरा सुचला तुका! सगळो गाव जमतलो आणि सरपंच आवशीची कूस बदलत घराक बसतलो? उद्या जा."

"परवापासून उद्याच चललो आसा. उद्या बाबा नसले तर?"

"मगे कोणाक तरी बसव हय."

कोणाला बसवणार, सांगा! उजवीकडच्या घराला कुलूप. माणसं मुंबईला, ती चतुर्थीला उगवणार. डावीकडच्या बाईचा नवरा स्वतःच अंथरुणावर. जितेंद्रला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण चपला पायात सरकवल्या की घरातलं घरात राहतं, ही आपल्या पुरुष मंडळींची फार जुनी सोय आहे. तो निघून गेला.

सुगंधा तिथेच खाली बसली आणि तिला रडू फुटलं. खाटेवरची सासू, भागीरथी, गावाची भागीकाकी, ते बघत होती. झटक्याने तिचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. जीभ मात्र जशीच्या तशी.

"रडतंस कित्याक गो? दत्तारामाक फोन कर. टेम्पो घेवन ये म्हणान सांग. आणि माळ्यावरची माजी खुर्ची काढ."

"खंयची खुर्ची, आये?"

"गावपळणीची."

इकडे ग्रामपंचायतीचं सभागृह भरलं होतं. सरकारने एका नव्या कायद्याचा मसुदा पाठवून गावांची मतं मागवली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी गावात शिकलेले मदतनीस असावेत, घरी सांभाळणाऱ्याला अधूनमधून हक्काची सुट्टी मिळावी आणि हे सगळं ग्रामपंचायतीने बघावं, असं त्यात होतं. जितेंद्रचं उत्तर तयार होतं.

ग्रामसेविका संचिता मॅडमनी हळूच सुचवून पाहिलं. "सरपंचसाहेब, घाई नको. सांभाळणाऱ्या बायकांना आधी विचारू या का?"

"त्यात काय विचारायचं, मॅडम? आमच्या गावात असले प्रश्नच नाहीत."

"तर काय!" दाजी कडाडले. दाजी म्हणजे देवस्थानचे मानकरी, त्यांच्या शब्दाला गावात वजन. "आवशीक न्हाणवक पगारी माणूस ठेवलो म्हणान कळला तर सोयरे तोंडात शेण घालतले!"

माना डोलल्या. जितेंद्रने ठराव वाचला. "आमच्या गावात वृद्ध व आजारी व्यक्तींची देखभाल घरोघरी प्रेमाने केली जाते. सबब प्रस्तावित कायद्याची या गावास आवश्यकता नाही. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत."

हात वर जाऊ लागले, आणि दारात टेम्पो येऊन थांबला.

दत्ताराम आणि आणखी तिघे बांबू बांधलेली लाकडी खुर्ची उचलून आत आले. खुर्चीत भागीकाकी! मागे सुगंधा, मान खाली घातलेली. वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

जितेंद्र पुढे झाला. "ह्या काय गो सुगंधा? गावासमोर माजी अब्रू काढतंस?"

"तिका बोला नको!" भागीकाकीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "मी सांगलंय म्हणान तिना आणल्यान. काय वाचलंस ता परत वाच."

त्याने वाचलं. आवाज पहिल्यासारखा चढला नाही.

"प्रेमान देखभाल. बरा. कोण करता?"

"आमी सगळे करतो, आये."

"सगळे? मगे सांग, माज्या पाठीर जखम झाली आसा. खंयच्या बाजूक?"

जितेंद्रने हातातला कागद खाली घेतला. जखम? कधी झाली? एकाच घरात राहतो आपण, रोज सकाळी हिच्या पाया पडून बाहेर पडतो, आणि जखम कुठे आहे ते ठाऊक नाही! सगळा गाव त्याच्या उत्तराची वाट बघत होता.

दाजी मध्ये पडले. "भागी, ही घरातली गोष्ट. ती अशी चारचौघांत..."

"घरातली? दाजी, गेल्या गावपळणीक ह्याच खुर्चीचो पुढचो बांबू कोणी धरललो?"

दाजींची नजर बांबूवर गेली. देवाचा कौल झाला की नारिंगखोल तीन रात्रींसाठी रिकामं होतं, तीच गावपळण. गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन सगळा गाव वेशीबाहेर झावळांच्या झोपड्यांत राहतो. मागे कुणालाच ठेवायचं नाही, ही रीत. भागीकाकीला खुर्चीतून नेताना पुढचा बांबू दाजींनीच धरला होता.

"तेवा म्हणालंस नाय, घरातली गोष्ट म्हणान! कोंबडीचा पिल्लूसुद्धा मागे ठेवलास नाय तुमी. तीन रात्री सगळो गाव माजो. आणि बाकीचे दिवस? ह्या एकट्या पोरीच्या मानेर! ही माजी लेक न्हय, सून. हिचो बापूस थंय हाक मारता आणि ही हय माजी कूस बदलता. माका ह्येची लाज वाटता रे जितू. मदतनीस ठेवूची नाय वाटत!"

सुगंधा पहिल्यांदाच बोलली. "माका कायदो कळणा नाय. माका फक्त एक दिवस व्हयो होतो."

मागच्या बाकावरून एक बाई उठली. "माका पण," ती म्हणाली. मग आणखी एक उठली. आणि दाजी, तेच दाजी, उपरण्याने डोळे टिपत म्हणाले, "माज्या आवशीपायी माजी बायल दोन वर्षां माहेराक जावक नाय. मी कधी विचारूकच नाय रे!"

जितेंद्रने ठरावाचा कागद संचिता मॅडमपुढे सरकवला. "हे खोडा, मॅडम. लिहा, कायदा हवा. आणि सांभाळणाऱ्याच्या सुट्टीचं कलम सगळ्यात वर हवं. तोवर वाडीवाडीने पाळ्या लावू, आणि पहिली पाळी माझी." मग तो दत्तारामकडे वळला. "हिका आत्ताच मिठबावाक पोचव. आयेक मी बघतंय."

टेम्पोत चढता चढता सुगंधा थांबली. "डावीकडे," ती म्हणाली. "कमरेच्या जरा वर, डावीकडे. मलम कपाटार आसा. दुपारी कूस बदलताना घाई करू नका."

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबांनी माका वळाखल्यानी. माज्या हातान पेज घेतल्यानी." इकडे जितेंद्र कानाला फोन लावून उभा होता. बोटांना मलम, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

मंडळी, 'आमच्याकडे म्हाताऱ्यांना घरीच सांभाळतात' असं आपण सगळेच छाती फुगवून सांगतो. सांगा, जरूर सांगा! पण त्याआधी घरात जा आणि सांभाळणारीला विचारा, बाई गं, तू शेवटची बाहेर कधी पडलीस? माणसाला सांभाळणं हे एकटीचं पुण्य नव्हे, अख्ख्या गावाचं काम आहे. कायदा येईल तेव्हा येईल, बांबूला हात मात्र आजच लावता येतो.

"हळू रे मेल्या!" खाटेवरून भागीकाकी ओरडली. "डावी बाजू ती!"

"व्हय आये," सरपंच म्हणाला, आणि त्याने हात हलका केला.